मडगार्डची कड मुडपणे

चाकाला अधिक मोकळीक मिळावी म्हणून मोटारीच्या मडगार्डच्या पत्र्याची आतली कड दुमडून चपटी करण्याची क्रिया.

उगम : रुंद टायर आणि खाली उतरवलेले सस्पेन्शन (पहा : शर्यतीची मोटार) यांमुळे प्रचलित.  

वैशिष्ट्ये : गाडी जॅकवर उचलून चाक काढतात. रंग तडकू नये म्हणून कड हॉट एअर गनने तापवत, हबवर बसवलेला रोलर फिरवून ती टप्प्याटप्प्याने वळवतात. कडेचे सीलंट फुटल्यास पुन्हा भरतात. नाहीतर पावसाळ्यात गंज (पहा : गंजणे) धरतो.

महत्त्व : टायर घासणे टळते. मात्र मोटार वाहन अधिनियम, 1988, कलम 52 नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत करणाऱ्या फेरबदलांना मनाई आहे (पहा : मोटार वाहन कायदा).