इंधन घट : विद्युतअग्रांचे डोपिंग

इंधन घटातील विद्युतअग्राच्या पदार्थात दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू हेतुपुरस्सर मिसळून त्याची विद्युतवाहकता, उत्प्रेरकशक्ती किंवा टिकाऊपणा वाढवण्याची पद्धत. इंधन घटात हायड्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग ज्वाळेविना होतो आणि थेट वीज मिळते. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास असा घट प्लॅटिनमची अग्रे वापरून दाखवला. प्लॅटिनमवरचे ते अवलंबन आजही पुरते सुटलेले नाही, आणि डोपिंगवरील बहुतेक संशोधनाचे मूळ तिथेच आहे.

अडचण मुख्यतः ऑक्सिजनच्या बाजूला आहे. हायड्रोजन चटकन इलेक्ट्रॉन सोडतो. ऑक्सिजनच्या रेणूतील बंध तोडून त्याचे पाणी व्हायला मात्र चार इलेक्ट्रॉन लागतात आणि ही क्रिया फार मंद असते. म्हणून १.२३ व्होल्टच्या सैद्धांतिक दाबापैकी चालू घटातून साधारण ०.६ ते ०.७ व्होल्टच हाती लागतात. प्लॅटिनमही याच अग्रावर अधिक खर्ची पडते.

कार्बनी अग्रे. शुद्ध कार्बन वीज वाहून नेतो, पण ऑक्सिजनवर त्याचा प्रभाव बेताचाच. त्यात नायट्रोजन घातला की चित्र बदलते. कार्बनहून एक इलेक्ट्रॉन अधिक असलेला हा अणू शेजारच्या कार्बनवरील विद्युतभार बदलतो आणि तिथे ऑक्सिजन धरला जातो. नायट्रोजनयुक्त कार्बन नलिका अल्कधर्मी द्रावात प्लॅटिनमच्या तोडीस तोड काम करतात, हे लिमिंग दाई व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले. आम्लधर्मी घटात, म्हणजे मोटारीत वापरल्या जाणाऱ्या प्रकारात, एवढ्याने भागत नाही. तिथे नायट्रोजनच्या जोडीला लोह लागते. असे अग्र आरंभी उत्तम चालते, पण लोह हळूहळू विरघळते आणि वाटेत तयार होणारे हायड्रोजन पेरॉक्साइड कार्बनला खाते. पहिल्या दिवसाचा आकडा पाहून पदार्थाची योग्यता ठरवणे म्हणूनच चूक आहे. शेकडो तासांनंतरचा आकडा महत्त्वाचा.

सिरॅमिक अग्रे. घन ऑक्साइड घट ६०० ते १००० अंश सेल्सिअसला चालतात. त्यांना प्लॅटिनम लागत नाही. त्यांच्या ऑक्सिजनकडील अग्रासाठी वापरल्या जाणाऱ्या लँथॅनम मँगनाइटमध्ये त्रिसंयुजी लँथॅनमच्या काही जागी द्विसंयुजी स्ट्रॉन्शियम बसवले, की भाराचा तोल राखण्यासाठी तितक्याच मँगनीज अणूंची संयुजा तीनवरून चार होते आणि इलेक्ट्रॉनांना एका मँगनीजवरून दुसऱ्यावर जायला वाट मिळते. मँगनीजऐवजी कोबाल्ट व लोह वापरल्यास स्फटिकात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही निर्माण होतात व घट कमी तापमानाला चालवता येतो. मात्र कोबाल्टमुळे पदार्थ तापल्यावर जास्त फुगतो, आणि स्ट्रॉन्शियमची घटाच्या विद्युत विच्छेद्यातील झिर्कोनियाशी (झिर्कोनियम ऑक्साइडशी) अभिक्रिया होऊन वीजरोधक थर बसतो. तो टाळण्यासाठी मध्ये गॅडोलिनियम मिसळलेल्या सेरियाचा (सेरियम ऑक्साइडचा) पातळ थर देतात. अशा सेरियाचे थर फवारा-पद्धतीने बनवण्याचे काम कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात झाले आहे.

महाराष्ट्रातील कार्य. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाने नायट्रोजन मिसळलेल्या कार्बन नॅनोहॉर्नवर (शिंगाच्या आकाराच्या अतिसूक्ष्म कार्बन रचनांवर) काम केले. याच प्रयोगशाळेच्या सहभागाने ऑक्टोबर २०२० मध्ये इंधन घटावरील मोटारीची चाचणी पुण्यात झाली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अशी बसही तिथेच सादर झाली.

धाराशिव जिल्ह्याला या विषयात रस असण्याचे कारण त्याच्या शिवारातच आहे. इथल्या साखर कारखान्यांतून निघणारा उसाचा चोथा हवेविना तापवला की सच्छिद्र कार्बन मिळतो. वाळक्या पानांपासून असा कार्बन करून त्याची विजेच्या साठवणुकीसाठी अग्रे बनवता येतात, हे पुण्याच्या प्रयोगशाळेने २०१३ मध्ये दाखवले होते. चोथ्यात नायट्रोजन अगदी कमी, त्यामुळे तो बाहेरून द्यावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा पदार्थ म्हणजे युरिया, ज्यात सुमारे ४६ टक्के नायट्रोजन असतो. कार्बन व युरिया एकत्र करून नायट्रोजन वा आर्गॉन वायूत सुमारे ७०० ते १००० अंशांना भाजतात. तापमान वाढवले तर वाहकता सुधारते, पण मिसळलेला नायट्रोजन निघून जातो. नेमका मध्य साधणे हेच या कामातील कौशल्य. चोथ्यातील सिलिकाही आधी अल्कलीने धुऊन काढावी लागते, नाहीतर ती अग्रात वीजरोधक राख म्हणून उरते.