सर्वेक्षणाचे छायाचित्र आणि अजिंठ्याचा रंग

छायाचित्र हा निर्विकार पुरावा होय, हे सर्वेक्षणाचे गृहीतक अजिंठ्यात तपासून पाहता येते. मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींसाठी नेमणूक झाली. पुढे त्याने कॅमेराही हाती घेतला. १८६४ मध्ये लेण्यांची त्याची ७४ छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह ग्रंथरूपाने आली. १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत त्याच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती जळाल्या. छायाचित्रे उरली, परंतु त्यांत स्तंभ होते, शिल्पे होती, रंग नव्हता. म्हणूनच १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांना पुन्हा कुंचलाच उचलावा लागला. तात्पर्य, अशा संग्रहाचे वाचन करताना जे टिपले गेले त्याइतकेच, त्या काळी जे टिपताच येत नव्हते, तेही वाचावे लागते.