मृत कृमीचा दाह : एका उपचाराचा इतिहास

'अपस्मार' या संज्ञेत स्मृतिलोपाचा निर्देश आहे. बोलीतील 'आकडी' या शब्दात अंग आकडण्याचा. दोन्ही शब्द लक्षण सांगतात, कारण सांगत नाहीत. कारणाचे नाव चुकले म्हणजे उपचारही कसा चुकतो, याचे बोधप्रद उदाहरण मेंदूतील कृमिरोगाच्या इतिहासात सापडते.

डुकराच्या मांसातून मनुष्याच्या आतड्यात येणाऱ्या पट्टकृमीची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडतात. दूषित हात, पाणी वा कच्ची भाजी यांच्याद्वारे ती दुसऱ्या कोणाच्या पोटात गेली, की त्यांतील अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचतात व तेथे कोश करून राहतात. म्हणून शाकाहारी मनुष्यही या रोगापासून सुटत नाही. या कोशाला 'सिस्टिसर्कस' म्हणतात. ग्रीक भाषेतील 'पिशवी' व 'शेपूट' या अर्थांच्या दोन शब्दांपासून हे नाव झाले आहे. त्यात केवळ आकार वर्णिलेला आहे.

हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना कित्येक वर्षांनी झटके येऊ लागत. १९३० नंतरच्या दशकात लष्करी वैद्य विल्यम मॅकआर्थर यांनी या झटक्यांचा संबंध कृमिकोशांशी जोडून दाखविला. १९६१ साली डिक्सन व लिप्सकोम यांनी अशा ४५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यातून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. जिवंत कोश बहुधा वर्षानुवर्षे निमूट राहतो. उपद्रव होतो तो तो मरू लागल्यावर. मृत कृमीविरुद्ध शरीर जो दाह उत्पन्न करते, त्यानेच आकडी येते. अपराधी कृमी खरा, परंतु प्रहार शरीराचाच.

हा दाह शमविणारे साधन त्यापूर्वीच हाती आले होते. १९४८ साली संधिवातावर कॉर्टिसोनचा प्रयोग झाला आणि स्टेरॉइड औषधांचे युग सुरू झाले. पुढे १९७९ साली मेक्सिकोत मेंदूतील कृमींवर प्राझिक्वांटेल वापरले गेले व १९८७ पासून अल्बेंडाझोलही वापरात आले. परंतु औषधाने कोश एकदम मरू लागले, की पहिल्या काही दिवसांत डोकेदुखी, वांती व झटके वाढत. म्हणून कृमिघ्न औषधाच्या जोडीला डेक्सामेथासोन देण्याचा प्रघात पडला.

आपल्याकडे प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहिला. १९८० नंतर सी. टी. स्कॅनमध्ये आकडीच्या अनेक रुग्णांच्या मेंदूत एकच लहान गाठ दिसू लागली. तिला क्षयाची गाठ असे नाव मिळाले आणि रुग्ण महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घेत राहिले. काही गाठी मात्र आपोआप नाहीशा होत. वेल्लोर येथील चांडी, राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी तपासल्या, तेव्हा अनेकींत कृमिकोशच आढळला. नाव बदलले आणि त्याबरोबर उपचारही बदलला.

२००३ साली लखनौ येथील वैद्यांनी अशा एकाकी गाठीच्या रुग्णांना अल्पकाळ प्रेडनिसोलोन दिले. गाठ नाहीशी होण्याचे प्रमाण वाढले. २००४ साली पेरू देशातील १२० रुग्णांच्या चाचणीत अल्बेंडाझोल व डेक्सामेथासोन एकत्र दिल्याने सर्वांगी झटके कमी झाले. तेथे दोन्ही औषधे जोडीने दिली असल्यामुळे स्टेरॉइडचा वाटा वेगळा काढता येत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात या जोडीचा पुरस्कार आहे. मात्र ज्याच्या मेंदूत केवळ चुना साचलेले जुने कोश उरले आहेत, त्याला यांपैकी काहीही देऊ नये, असेही सांगितले आहे. झटके रोखणारी औषधे या सर्व काळात चालू ठेवावीच लागतात.

सारांश, लक्षणाचे नाव जुने, कृमीचे नाव परके, आणि गाठीचे नाव काही काळ चुकीचे होते. दाहाला त्याचे योग्य स्थान मिळाले, तेव्हाच स्टेरॉइडचे प्रयोजन स्पष्ट झाले. निदान हे प्रथमतः नामकरणच असते. ते चुकल्यास त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.