एच. बी. : चांदीवरची दोन अक्षरं

लंडनच्या लिलावांच्या याद्या मी अधूनमधून वाचते. घ्यायचं काहीच नसतं, पण जुन्या इंग्लिश चांदीच्या चमच्यांची, किटल्यांची वर्णनं वाचताना वेळ कसा जातो कळत नाही. त्यात एक नाव वारंवार भेटतं, हेस्टर बेटमन. आज त्यांच्याविषयी सांगते.

हेस्टर यांचा जन्म १७०८ चा. नवरा जॉन साखळ्या घडवणारा कारागीर. लंडनच्या बनहिल रो भागात त्यांचं घर आणि कारखाना. १७६० मध्ये जॉन क्षयाने गेले. जाताना आपली हत्यारं त्यांनी मुलांच्या नव्हे, बायकोच्या नावे केली. हेस्टर यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तरीही पुढच्याच वर्षी, पन्नाशी ओलांडलेल्या या बाईंनी गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये स्वतःची खूण नोंदवली : एच. बी.

सुरुवातीला त्या इतर सराफांसाठी माल घडवत. त्यामुळे काही वस्तूंवर त्यांच्या अक्षरांवरच दुसऱ्याचा ठसा मारलेला सापडतो. हळूहळू स्वतःच्या नावाने माल जाऊ लागला. लाटणयंत्रातून निघालेला पातळ पत्रा त्यांनी वापरला, म्हणजे चांदी कमी लागे आणि किंमत मध्यमवर्गाला परवडे. काठाला मोत्यांसारखे बारीक मणी, अंगावर लखलखती कोरीव नक्षी, बाकी साधेपणा, ही त्यांची ओळख. १७८४ मध्ये इंग्लंडने चहावरचा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा घरोघरी स्वस्त झाला. किटल्या, साखरदाण्या, चिमटे यांना मागणी वाढली. त्याच वर्षी चांदीवर मात्र औंसाला सहा पेन्स कर बसला. तो भरल्याची खूण म्हणून राजाचं मस्तक उमटवू लागले.

म्हणून त्यानंतर १८९० पर्यंतच्या लंडनच्या वस्तूवर पाच खुणा शोधायच्या : चालणारा सिंह म्हणजे चांदी ९२.५ टक्के शुद्ध, बिबट्याचं मस्तक म्हणजे लंडन, एक अक्षर म्हणजे तपासणीचं वर्ष, राजाचं मस्तक म्हणजे कर भरला, आणि घडवणाऱ्याची अक्षरं. बिबट्याची खूण १३०० सालच्या कायद्यातली. १४७८ पासून माल तपासायला हॉलमध्येच न्यावा लागे, त्यावरूनच 'हॉलमार्क' हा शब्द आला. किटली घेणाऱ्याने झाकणावरची खूणही बघावी, कारण झाकणं बदललेली असतात.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. एच. बी. म्हणजे प्रत्येक वस्तू हेस्टर यांनी स्वतः ठोकली असं नाही. ती मालकिणीची जबाबदारी. माल खोटा निघाला तर जाब त्यांना द्यावा लागणार.

आपल्याकडे जुनी वाटी मोडीत देताना सोनार वजन करतो, घडणावळ पाण्यात जाते. इंग्लंडमध्येही तेच व्हायचं. १६४२ नंतरच्या यादवी युद्धात ऑक्सफर्डच्या कॉलेजांची ताटं-पेले राजाच्या फौजेच्या पगारासाठी वितळवले गेले. शांततेच्या काळात फॅशन बदलली की घरचीच माणसं जुनी भांडी वितळवून नवी करून घेत. अशा रीतीने कितीतरी कारागिरांची नावं मुशीत विरली. हेस्टर यांची भांडी मात्र पुष्कळ उरली. आज लिलावात त्यांचं वजन लिहितात, पण पैसे त्या दोन अक्षरांचेही मोजतात.

१७९० मध्ये त्यांनी काम थांबवलं, १७९४ मध्ये त्या वारल्या. दरम्यान १७९१ मध्ये मुलगा जोनाथन गेला. तेव्हा त्याची विधवा ॲन हिने दीर पीटरबरोबर खूण नोंदवली. त्या खुणेत वर पी. बी. आहे आणि खाली ए. बी. सासूनंतर सुनेचं नावही चांदीवर उमटलं.