फाटकाच्या आत कोणाचं राज्य?

२०१७ सालच्या आपल्या वार्षिक सभेत जी जुंपली होती, ती जुन्या सभासदांना आठवत असेल. महापालिकेचं पत्र आलं होतं: ओला कचरा यापुढे सोसायटीनेच आवारात जिरवावा. पत्र वाचून व्हायच्या आत मागच्या रांगेतून आवाज आला, "मालमत्ता कर भरतो ना आपण? मग घंटागाडी कशासाठी आहे?" टाळ्या पडल्या. तेव्हा सचिव मीच होतो, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवृत्तीनंतर जरा वाचन केलं तेव्हा कळलं, की हे भांडण आपल्या सोसायटीपेक्षा बरंच जुनं आहे.

सुरुवात मुंबईपासून करावी लागते. १८९६ साली तिथे प्लेग आला. दाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांत माणसं पटापट गेली, तेव्हा सरकार जागं झालं आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटी मोडायची, रुंद रस्ते काढायचे आणि दादर-माटुंग्याच्या बाजूला प्लॉट पाडून ते लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायचे, असं त्याचं काम. पण पगारदार माणसाला एकट्याने प्लॉट घेऊन घर बांधणं कुठून परवडणार! तिथे सहकार कामी आला. १९०४ चा सहकारी कायदा पतसंस्थांपुरताच होता; १९१२ च्या कायद्याने इतर संस्थांनाही वाट मोकळी करून दिली. १९१५ साली रावबहादूर तालमकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावदेवीत ट्रस्टच्या जागेवर सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. इमारत संस्थेची, राहणारा भाडेकरू, आणि तोच भाडेकरू संस्थेचा भागीदार. आपण सगळे एका अर्थाने त्याच वंशावळीतले.

१९३३ साली ट्रस्ट मुंबई महापालिकेत विलीन झाला आणि त्याच्या जमिनींवरच्या सोसायट्यांना पालिकाच घरमालक म्हणून लाभली. यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शहराने सोसायट्यांना केलेली ती पहिली मदत रोख पैशांची नव्हती. आधी रस्ता, गटार आणि प्लॉट, मग घर, असा क्रम होता. रस्ता सार्वजनिक, म्हणून दिवा आणि झाडूही पालिकेचा. दादरच्या हिंदू कॉलनीतल्या गल्ल्यांतून आजही कोणीही जातं-येतं. फाटक असलंच तर इमारतीला, गल्लीला नाही.

आपल्यासारख्या सोसायट्यांचा क्रम उलटा झाला. महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियम १९६० चा, आणि फ्लॅट विकणाऱ्या बिल्डरला वेसण घालणारा 'मोफा' १९६३ चा. (कन्व्हेयन्ससाठी आपण किती चपला झिजवल्या तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. बिल्डर दाद देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरण मागता येतं, ही सोय कायद्यात २००८ साली आली.) आता मोठा भूखंड बिल्डरने घ्यायचा, आतले रस्ते, पावसाळी गटारं, दिवे त्यानेच करायचे आणि भोवती कंपाउंड घालून सगळं सोसायटीच्या गळ्यात टाकायचं. पालिका फाटकापर्यंत येते. आतला रस्ता खचला तर खर्च आपला, पण आतल्या झाडाची फांदी तोडायची तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी मात्र तिची!

आणि खरं सांगायचं तर फाटक आपल्यालाही हवंच होतं. फेरीवाला नको, परक्या गाड्या नकोत, हे ठराव आपणच बहुमताने केले. माझीही सही आहे त्यांवर.

पालिका आणि रहिवासी यांनी एकत्र काम करण्याचा चांगला नमुना घाटकोपरच्या जोशी लेनने घालून दिला. तिथल्या रहिवाशांनी ओला-सुका कचरा वेगळा करायला घेतला आणि १९९७ साली मुंबई महापालिकेने तीच कल्पना 'प्रगत परिसर व्यवस्थापन' म्हणून शहरभर नेली. तिथे पुढाकार लोकांचा होता. २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो सक्तीचा केला. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आतच जिरवावा, असं त्यांत आलं. मुंबईत तर २ ऑक्टोबर २०१७ ही तारीखच ठरवून मोठ्या सोसायट्यांना नोटिसा गेल्या. आपलं पत्रही त्याच नियमांतून आलेलं.

मग टाळ्या मिळवणाऱ्या त्या प्रश्नाचं काय? आपल्या बी विंगमधल्या एका काकूंची लेक न्यू जर्सीत राहते. तिच्या सोसायटीसारख्या खासगी वसाहतींसाठी तिथे १९९० च्या सुमारास कायदाच झाला. बर्फ काढणं, रस्त्यावरचे दिवे, कचरा उचलणं ही कामं नगरपालिकेने इतर रहिवाशांसारखी त्यांच्यासाठीही करावीत, नाहीतर तेवढा खर्च त्यांना परत द्यावा. एकाच कामाचे पैसे दोनदा का भरायचे, हे त्यामागचं साधं गणित. आपल्याकडे या जातीचं काही असेल तर ती करातली सवलत. पुण्यात सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक असेल तर मिळकतकरात ५ टक्के आणि दोन असतील तर १० टक्के सूट मिळते. ही सूट शाबासकी म्हणून मिळते, न्यू जर्सीत ती परतफेड आहे. मला परतफेड जास्त रास्त वाटते, आणि तेवढ्यासाठी मागच्या रांगेतल्या त्या सभासदांची माफी मागतो. त्या दिवशी मी त्यांना खाली बसवलं होतं.

खड्डे मात्र आपण खणलेच. पहिल्या पावसात वास सुटला, ए विंगने तक्रार केली, नारळाच्या करवंट्या कुजेनात. कोरडा पाला आणि ताक घालायचं माळीकाकांनी सुचवलं, तेव्हा कुठे जमलं. यंदाचं खत चाळून पंपरूमच्या मागे पोत्यांत भरून ठेवलंय. ज्यांना कुंड्यांसाठी हवं असेल त्यांनी रविवारी सकाळी पिशवी घेऊन यावं.