साक्षीदाराविना स्फोट

अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात येते ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेल्या तहामुळे. त्या तहाला कलमे आहेत, सह्या करणारी माणसे आहेत. पंधरा दिवस आधी पडलेला गाविलगड मात्र ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या उद्रेकांना माणूस साक्षी नव्हता. समुद्राखालचे ज्वालामुखी आजही जवळजवळ असेच, कोणी न पाहता, जागे होतात. त्यांच्या इतिहासाचे साधन कोणते?

२७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाटोआ फुटला. छत्तीस हजारांहून अधिक माणसे मेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी. सुमारे साडेचार हजार किलोमीटरवरील मुंबईत, कुलाबा वेधशाळेच्या वायुभारमापकाने त्या स्फोटाची हवेतील लाट टिपली. रॉयल सोसायटीच्या १८८८ च्या अहवालात जगभरच्या अशा नोंदी एकत्र आल्या आहेत. परंतु हवेची साक्ष स्फोटानंतरची. आधी काय घडले ते जमीनच सांगू शकते, आणि तिचे म्हणणे दुरून ऐकणारे यंत्र तेव्हा नव्हते. दूरदेशीच्या भूकंपाची पहिली ओळखलेली नोंद १८८९ ची, पॉट्सडॅमची. कुलाब्यास मिल्नचे भूकंपमापक आले ते १८९७ च्या आसाम भूकंपानंतर, नानाभॉय मूस संचालक असताना.

या यंत्राची रेघ वाचणे म्हणजे हस्ताक्षर ओळखण्यासारखेच. खडक तडकला की धक्का तीव्र आणि आखूड असतो. शिलारस फटींतून सरकू लागला की कंप संथ, लांबट होतो. उथळ पाण्यात स्फोट झाला, तर वर उसळणाऱ्या द्रव्याची प्रतिक्रिया जमीन खाली दाबते आणि त्या दाबावरून स्फोटाचा जोर काढता येतो. खोल पाण्यात हे सहसा घडत नाही: दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, वायूंना मोकळेपणी फुलता येत नाही.

१५ जानेवारी २०२२ रोजी टोंगातील हुंगा ज्वालामुखी फुटला. साडेसातशे किलोमीटरहून दूर, फिजी व फुतुना येथील यंत्रांवर मोठ्या स्फोटाच्या सुमारे पंधरा मिनिटे आधीची एक लाट उमटली होती. जपानी संशोधकांनी ती २०२४ मध्ये उलगडून दाखविली, म्हणजे दोन वर्षांनी. किनाऱ्यावरच्या माणसाला पंधरा मिनिटे पुष्कळ असतात.

आपल्याकडील उदाहरण गोव्याचे. दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने निकोबारजवळ अंदमान समुद्राच्या तळाशी भूकंपमापके ठेवली होती. मार्च २०१४ मध्ये तेथे धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. तिच्यातील मंद, दीर्घ कंपांवरून तळाखाली शिलारस हलत असल्याचा निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षे हा विलंब संशोधकांच्या आळसाचा नव्हे. असली यंत्रे तळावर एकटीच नोंद करीत राहतात; जहाज जाऊन त्यांना वर काढीपर्यंत ती नोंद कोणालाच वाचता येत नाही.