पुण्यात घडलेला राजपुत्र

पहिल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’बद्दल आपल्याला जवळजवळ सगळं माहीत आहे. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये जॉर्डन मेकनर नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने न्यूयॉर्कजवळच्या एका पार्किंगच्या जागेत आपल्या शाळकरी भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उडी मारायला, लटकायला लावलं आणि ते व्हिडिओवर टिपलं. मग टीव्हीवर टेप थांबवून एकेका क्षणाचे फोटो काढले, त्यांवर मार्करने आणि व्हाइटनरने आकृती ठसठशीत केली आणि ती ॲपल टू या कॉम्प्युटरमध्ये उतरवली. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून घेतली, कारण त्यात एरॉल फ्लिन आणि बॅसिल रॅथबोन काही सेकंद बरोबर बाजूने दिसतात. संगीत वडिलांनी दिलं. १९८९ मध्ये गेम बाजारात आला.

हे सगळं कळतं, कारण मेकनर रोजनिशी लिहायचा आणि पुढे त्याने ती छापली. गेम विकला जाईल की नाही याची धास्ती, मधेच सगळं सोडून सिनेमे लिहायला जायचं मन, सगळं त्यात आहे.

याच मालिकेतला एक राजपुत्र पुण्यातही घडला. तो कसा घडला, हे मात्र फार कमी लोक सांगू शकतील.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द शॅडो अँड द फ्लेम’ हा मोबाइल गेम जुलै २०१३ मध्ये आला. १९९३ च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया २’ची ती नवी आवृत्ती होती आणि ती युबिसॉफ्टच्या पुणे स्टुडिओने बनवली होती. हा स्टुडिओ मुळात गेमलॉफ्टचा. कीपॅडवाल्या फोनवर ज्यांनी जावा गेम खेळले असतील, त्यांना हे नाव आठवेल. २००८ मध्ये युबिसॉफ्टने तो घेतला, तेव्हा तिथे शंभराहून जास्त माणसं काम करत होती. बाहेरून आलेलं काम तपासायचं, दुसऱ्या देशात बनलेला गेम या मशीनवरून त्या मशीनवर उतरवायचा, असं काम तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक स्टुडिओंच्या वाट्याला येत असे. जुन्या गेमची अख्खी नवी आवृत्ती उभी करणं ही त्यातली वरची पायरी होती.

दुसरा भाग निवडला हे मला आवडतं. पहिला भाग सगळ्यांनाच आठवतो. आपल्याकडे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर गेला आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ‘पेंट’ उघडायचं सोडून तो खेळणाऱ्यांची एक पिढीच होती. मीही त्यातलाच. डॉसवर ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून गेम सुरू केला की शिफ्ट आणि टी दाबून जीव वाढवता यायचा. पहिली पातळी संपल्यावर एक खोली यायची. तिथे बऱ्याच बाटल्या आणि प्रत्येकीच्या वर एक अक्षर. मॅन्युअलच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधायचं आणि तीच बाटली प्यायची. चोरट्या कॉपी अडवण्याची ती युक्ती होती. आमच्याकडे मॅन्युअल असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे अंदाजाने बाटली उचलायची आणि मरायचं.

दुसरा भाग त्या मानाने कमी लोकांनी पाहिला. त्याची सुरुवात मात्र फार झकास आहे. जाफर वजीर (आपल्या बुद्धिबळात राणीच्या जागी वजीर असतो, त्यामुळे मला तो कधीच परका वाटला नाही) राजपुत्राचं रूप घेऊन सिंहासनापाशी उभा राहतो. खऱ्या राजपुत्राला कुणी ओळखत नाही. शिपाई धावून येतात, तो खिडकी फोडून बाहेर पडतो, छपरांवरून पळतो आणि बंदरातून सुटणाऱ्या जहाजावर उडी टाकतो. मग वादळ, एक बेट, गुहेत उठून उभे राहणारे सापळे, उडता गालिचा, पडक्या नगरातली सापांची मुंडकी आणि शेवटी पक्ष्यांच्या तोंडाचे पहारेकरी असलेलं लाल देऊळ. पहिल्या भागात घड्याळ साठ मिनिटांचं होतं, इथे पंचाहत्तर. पहिल्या भागाचा कोड मेकनरने एकट्याने लिहिला होता. दुसऱ्यात कल्पना आणि दिग्दर्शन त्याचं, पण काम टीमचं. म्हणजे पुण्याने हातात घेतलं ते मुळातच अनेकांच्या हातचं होतं.

मी हा गेम अलीकडे पुन्हा खेळलो, तो एका जुन्या अँड्रॉइड फोनवर. फोनची बॅटरी फुगली होती, ती सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर एका दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतली. त्याने फोटो काढून हवेत का विचारलं. गेम खेळायचाय म्हटल्यावर हसला. बाहेर मेट्रोच्या पुलाखाली गाड्या अडकलेल्या असताना, त्याच्याच दुकानातल्या स्टुलावर बसून मी पहिली दोन-चार छपरं ओलांडली.

दिसायला गेम अजून छान आहे. बाजूने बघण्याची जुनी पद्धत ठेवली आहे, पण सगळं त्रिमितीत उभं केलंय. छपरांमागे शहर खोलवर पसरतं, गुहेत उजेड खरा वाटतो. १९९३ च्या गेमची रंगवलेली पार्श्वचित्रं सुंदर होती, तरी पडद्यासारखी सपाट. इथे त्यांना पोट आलंय. हे काम ज्यांनी केलं, त्यांनी मूळ गेम नीट निरखला होता, हे पदोपदी जाणवतं.

अडचण पावलात आहे. डेव्हिड मेकनरच्या शरीरावरून काढलेल्या त्या राजपुत्राला वजन होतं. धावायला लागला की थांबायला त्याला जागा लागायची. उडीचं बटण दाबल्यावर माघार नाही. शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायचं, अगदी कड्याच्या टोकावर यायचं, मग उडी. ही बोटाबोटाची मोजणी म्हणजेच तो गेम होता. काचेवर बोटाला टोक लागत नाही. पुण्याच्या टीमने दोन वाटा दिल्या, पडद्यावर काढलेली बटणं किंवा बोटांच्या खुणा. खुणांनी राजपुत्र सुरेख पळतो, पण कड्यावर थबकून विचार करावा असं वाटत नाही. बटणं घेतली तर नेमक्या खड्ड्यावर माझा अंगठा. मला यात टीमचा दोष दिसत नाही. कीबोर्डसाठी बेतलेलं पाऊल काचेवर उतरवायचं तर ते थोडं हलकं करावं लागणारच होतं.

दुकानाचं मात्र मी समर्थन करणार नाही. पैसे देऊन घेतलेल्या गेममध्ये पुन्हा पैसे टाकून औषधाच्या बाटल्या घ्यायच्या, हा त्या काळातल्या मोबाइल बाजाराचा रोग होता आणि तो इथेही शिरलाय. पहिल्या भागात आरसा फोडून बाहेर आलेली सावली तुमच्यादेखत बाटली पिऊन पळून जाते तेव्हा जीव तळमळतो, कारण ती बाटली दुसरीकडे मिळणार नसते. ती सावलीही टंचाईतूनच जन्मली. कॉम्प्युटरच्या मेमरीत नव्या शत्रूला जागा उरली नव्हती, म्हणून मेकनरने सहकारी टॉमी पिअर्सच्या आग्रहावरून राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकमेकांवर अशी बसवली की एक लुकलुकणारी आकृती तयार झाली. नवीन चित्र एकही नाही आणि गेमला त्याचा सगळ्यात लक्षात राहणारा शत्रू मिळाला.

माझ्या आजच्या फोनवर पुण्याचा हा गेम चालत नाही. आयफोनचा पहिला ६४-बिट फोन सप्टेंबर २०१३ मध्ये आला, म्हणजे गेमनंतर दोन महिन्यांनी. २०१७ मध्ये आयओएस ११ ने ३२-बिट ॲप चालवणं बंद केलं. अँड्रॉइडही हळूहळू त्याच रस्त्याने गेलं. त्या पिढीतल्या ज्या गेमना नंतर कुणी हात लावला नाही, ते नव्या फोनवर उघडेनासे झाले. उलट १९९० ची डॉसची आवृत्ती ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर आहे, ब्राउझरमध्ये उघडते. ॲपल टूच्या मूळ आवृत्तीचा कोडही आहे. तो हरवला असं मेकनरने मानलं होतं. २०१२ मध्ये वडिलांना घरात एका खोक्यात साडेतीन इंची फ्लॉपी सापडल्या. जुन्या मशीनच्या जाणकारांनी त्या वाचून काढल्या आणि त्याच एप्रिलमध्ये सगळा कोड ‘गिटहब’वर आला. कुणीही वाचावा. एकट्या माणसाकडे वडिलांचं घर होतं आणि खोकं होतं. कंपनीत केलेल्या कामाची फ्लॉपी कुणी घरी नेत नाही, नेलेली चालतही नाही.

पुण्याचं नाव जगभर गाजलं ते सात वर्षांनी, आणि वाईट कारणाने. सप्टेंबर २०२० मध्ये ‘द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा झाली. ती पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ बनवत होते. एवढ्या मोठ्या गेमची सूत्रं भारताकडे, म्हणून इकडे कौतुक झालं. पण ट्रेलर पाहून इंटरनेटने चेहऱ्यांची आणि रंगांची यथेच्छ टिंगल केली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग तारीखच गेली. मे २०२२ मध्ये काम मूळ गेम बनवणाऱ्या मॉन्ट्रिअलच्या स्टुडिओकडे दिलं गेलं. तिथेही ते पूर्ण झालं नाही. जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने गेमच रद्द केला. ‘भारतीयांना जमलं नाही’ हे वाक्य मधल्या काळात मी इतक्या वेळा वाचलं, की २०१३ साली पुण्यातूनच एक राजपुत्र पूर्ण होऊन बाहेर पडला होता, हे कुणीतरी मधेच सांगावं असं वाटायचं. सांगायला दाखवण्याजोगं काही हवं, आणि ते एका फुगलेल्या बॅटरीच्या फोनमध्ये होतं.

त्या टीममधलं कुणी हे वाचत असेल, तर गुपितं नकोत, कोड नको. छपरावरून पळताना राजपुत्राला थांबायला किती जागा द्यायची, हे तुम्ही कसं ठरवलंत? जुना गेम चौकटी-चौकटीने मोजलात, की अंगठ्याने खेळून बघत बसलात? त्यावर भांडणं झाली का, आणि शेवटी कुणाचं ऐकलं? तेवढं लिहून ठेवा.